खांद्याखालचा फटका

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली असतील. सौंदडजवळच्या आमच्या गावात राखणीसाठी अकरा जणांचे पथक उभे राहिले आणि त्याचा नायक मी. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेचा बंदोबस्त दरवर्षी बाहेरचे शिपाई करत. या वेळी तो आम्हाला हवा होता. पोलीस ठाण्याच्या साहेबांची अट एकच: लाठीच्या परीक्षेत एकाचीही लाठी खांद्याच्या वर गेली, तर अख्खे पथक नापास.

धानाची रोवणी आटोपली होती, कापणीला वेळ होता. रोज सकाळी ठाण्याचा हवालदार लाठी शिकवायला सायकलने येई. मी वहीत प्रत्येकासाठी एक पान आखले: पकड, पाय, फटका. आठवड्यात दहा पाने नीट झाली. अकरावे माझ्या मोठ्या चुलतभावाचे. पथकातला सर्वांत ताकदवान गडी, पण ‘मार’ म्हटले की लाठी सरळ डोक्यावर.

“काऊन बे, धान झोडून राहिला का?” हवालदार ओरडला. “खाली मार, मांडीवर! कोनाचं डोस्कं फुटलं त?”

“वीस साल झोडलं जी. हात आपोआपच वर जाते.”

“मंग पेंढी आणून देऊ का समोर?”

सगळे हसले. दादा हसला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, “माह्यापायी मंडई जात असन, त नाव काट माहं.”

मी नाव खोडले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला आमच्या गुरांच्या कोठ्यात उभे केले. तिथले धुराने काळे झालेले वासे डोक्याला टेकतील इतके खाली. लाठी वर गेली की वाशावर आपटे आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येत.

“कोठा पाडता का बाप्पा?” वहिनी बाहेरून ओरडे.

पहिल्या दिवशी मी त्याच्या पानावर आपटण्याच्या बत्तीस खुणा केल्या. बाराव्या दिवशी एकही नाही.

परीक्षेला साहेबांनी नेमके त्यालाच आधी पुढे बोलावले. लाठी कमरेजवळून निघाली आणि टांगलेल्या पोत्यावर मांडीच्या उंचीला बसली. दहाच्या दहा वेळा. पोते फाटून भुसा सांडला. हवालदार मिशीत हसला.

मंडईचा बंदोबस्त आमच्याकडे आला. दंडारीचा खेळ पाहायला गर्दी पुढे रेटली, तेव्हा दादाने लाठी दोन्ही हातांत आडवी धरली आणि छातीने लोक मागे सारले. “मांगं सरा जी, बाया बसल्या समोर!”

मारावे कोणालाच लागले नाही.

मंडई उठल्यावर मी अकरा लाठ्या मोजून घेतल्या. दादाच्या लाठीच्या टोकाला कोठ्याची काजळी अजून होती. ती मी कोणाला पुसू दिली नाही.