लग्नघरांचे नंबर

गावातल्या ‘खासगी बाजार’ नावाच्या पेठेत सीमंतिनी शितोळेचं फुलांचं दुकान आहे. लग्नाच्या मुंडावळ्या असोत की श्राद्धाचा हार, ऑर्डर मोबाइलवर येते आणि फुलं पोचली की सीमंतिनी गिऱ्हाइकाचा नंबर पुसून टाकते. सून वैतागते, पण सीमंतिनी कुणाचं ऐकत नाही.

परवा एक मांडववाला आला. म्हणाला, “ताई, यंदाच्या लग्नघरांचे नंबर द्या. माझ्या सगळ्या मांडवांना फुलं तुमचीच, पक्की बात!”

हार ओवणारी सुई न थांबवता सीमंतिनी म्हणाली, “देते की. आधी तुमच्या बायकोचा नंबर सांगा. दुकानात येईल त्याला देऊन टाकते.”

मांडववाला भडकला. “तिचा कशाला?”

“का? माझ्या गिऱ्हाइकांच्या घरच्या बायका काय वाऱ्यावर सोडल्यात?”