रॉटरडॅमला पाहिलेल्या बिसीताई

शनिवारी सकाळी आइंडहोवनला गाडीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत एक नारळ, एक पांढरी टोपी आणि नवा कोरा टॉवेल होता. अंगात ऑफिसच्या समारंभासाठी घेतलेला काळा कोट. मित्राचं पहिलं प्रदर्शन, तेव्हा रिकाम्या हाताने जाणं बरं दिसलं नसतं.

मित्र म्हणजे टुंडे. नायजेरियाचा, योरुबा समाजातला. मी या देशात नवखा असताना सायकल कुठे लावायची, हाउसआर्ट्स (आपल्या भागातला ठरलेला डॉक्टर) कसा मिळवायचा, हे सगळं त्यानेच शिकवलं. आठवडाभर आम्ही एकाच टेबलावर चिप बनवणाऱ्या यंत्रांचे भाग तपासतो. शनिवार-रविवार तो चित्रं काढतो. रॉटरडॅमच्या बंदराजवळ एका जुन्या गोदामात नायजेरियन चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात त्याचीही चित्रं लागणार होती.

पण मी नुसती चित्रं बघायला निघालो नव्हतो. सोमवारी टुंडेला ऑफिसात कळवायचं होतं की तो कायमची नोकरी घेणार, की लागोसला परत जाऊन चित्रंच काढणार. तिथे एका स्टुडिओत त्याला जागा मिळाली होती.

"माझं मन ठरलंय," तो मला कँटीनमध्ये म्हणाला होता, "पण बिसीने आशीर्वाद दिला नाही तर मी जाणार नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तू ये. माझ्यासारखाच एक इंजिनियर माझ्या बाजूने उभा दिसला तर तिला धीर येईल."

बिसीताई त्याची थोरली बहीण. रायस्वाइकला राहतात, हेगच्या एका दवाखान्यात परिचारिका आहेत. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो.

ब्रेडाला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे रुळांचं काम चाललं होतं, सगळ्यांना उतरवून बसमध्ये बसवलं. शेजारच्या आजीबाईंनी माझ्या पिशवीतला नारळ पाहून विचारलं, "सहलीला?" मी म्हटलं, "नाही, चित्रं बघायला." त्यांनी नारळाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि समजूतदारपणे मान हलवली. बाहेर सपाट हिरवी कुरणं, कडेला पाण्याचे चर, मधूनच आपल्या रस्त्यापेक्षा उंचावरून जाणारी एखादी बोट. इतकी वर्षं झाली तरी या दृश्याचं मला अजून नवल वाटतं.

गोदामाच्या दारात पाय ठेवला आणि थबकलो. आतली बहुतेक माणसं एकाच कापडात होती. गर्द निळीत रंगवलेलं, त्यावर पांढरट पानांची नक्षी. बायकांचे पायघोळ झगे त्याचेच, पुरुषांचे सदरे त्याचेच, चित्रं लावणाऱ्या डच बाईंच्या गळ्यातला रुमालही त्याचाच. अगदी हेच कापड टुंडेने मला महिन्यापूर्वी दिलं होतं.

आणि ते माझ्या कपाटात होतं! माझे वडील सेलूला एका कापडदुकानात नोकरीला होते. दुकानात देण्याघेण्याच्या कापडाचा वेगळा खण असे. आहेरात आलेलं कापड जपून ठेवायचं आणि पुढच्या लग्नात तेच द्यायचं, ही आमच्याकडची रीत. टुंडेचं कापड मी मेव्हण्यासाठी ठेवलं होतं, आणि परतीचा आहेर म्हणून टॉवेल-टोपी घेऊन आलो होतो.

टुंडे समोर आला. त्याने माझ्या काळ्या कोटाकडे पाहिलं. "आलास," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. मरून रंगाचा कोट, मांडीवर खाण्याची ताटली. त्यांनी मला बोटाने बोलावलं. "इकडे ये. या निळ्या गर्दीत आपण दोघंच शहाणे दिसतोय."

त्याच बिसीताई. त्यांनी ताटली पुढे केली. "आमच्याकडे याला अशो-एबी म्हणतात (नात्याचं कापड). ते घातलं की तुम्ही त्या माणसाच्या बाजूचे. मी घातलं नाही. तूही नाहीस. म्हणजे तुलाही वाटतं, त्याने नोकरी सोडू नये."

ज्याच्या बाजूने उभं राहायचं, त्याच्याविरुद्धच मी सगळ्यांदेखत उभा होतो. मी घाईघाईने कपाट, सेलू, मेव्हणा, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या भावाचं कापड तू दुसऱ्या कुणाला तरी देणार होतास?"

"आमच्याकडे तो मानच असतो, ताई."

"अरे देवा!" त्या इतक्या जोरात हसल्या की दोन माणसं वळून पाहू लागली. "खा, खा. तुझं डोकं रिकामं आहे, पोट तरी भर."

ताटलीत चिन-चिन होतं. तोंडात टाकलं आणि सरळ दिवाळी आठवली: हुबेहूब शंकरपाळे. शेजारी पफ-पफ, म्हणजे आपले गुलगुलेच.

खाता खाता मी चित्रं पाहत होतो. एका चित्रात लागोसचा बाजार, प्रत्येक माणूस भिंतीएवढा उंच. एकीने रबरी चपला कापून अख्खा समुद्र केला होता. शेजारी एक डच जोडपं कुणाला तरी सांगत होतं, "मागच्या वर्षी आम्ही मुद्दाम लागोसला गेलो, चित्रं बघायला. चांगली चित्रं आधीच विकली गेली होती. तिथलीच माणसं घेतात."

"ऐकलंत ताई?" मी म्हटलं. "आता इथली माणसं तिकडे जातात. इंग्रजांनी लुटून नेलेल्या, इथल्या संग्रहालयात आलेल्या तुमच्या जुन्या पितळी मूर्तीही नायजेरियाला परत जायला लागल्यात."

"मूर्ती परत जातायत म्हणून माणसानंही जायचं? मूर्तीला भूक लागत नाही."

मी आणखी एक चिन-चिन तोंडात टाकलं. माझ्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकत, आणि त्या तासांवरच मी शिकून इथवर आलो. नोकरी सोडणारा माणूस माझ्या घरात अजून कुणी पाहिलेला नाही. बिसीताईंची भीती मला टुंडेच्या स्वप्नापेक्षा जास्त कळत होती.

"त्याची चित्रं पाहिलीत?" मी विचारलं.

"नाही. ती माझ्या पाठीमागे आहेत." त्यांनी मान वळवली नाही. "पाहिली तर मला नाही म्हणता येणार नाही." मग हळूच म्हणाल्या, "मोठ्या चित्रात काय काढलंय?"

"तुम्ही."

"मी?"

"ट्रामच्या थांब्यावर बसलायत. परिचारिकेचा पोशाख आहे, पण पांढरा नाही, निळीतल्या नक्षीचा. बूट काढून शेजारी ठेवलेत."

"आणि पायातला मोजा?"

"डाव्या पायाचा अंगठ्याला फाटलाय."

बिसीताई उठल्या आणि वळल्या. ताटली माझ्या हातात दिली आणि चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मग सगळ्या गोदामाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टुंडे! अख्ख्या रॉटरडॅमला माझा फाटका मोजा दाखवलास? आणि पाय एवढे मोठे? हत्तीण आहे का मी?"

टुंडे धावत आला. "तू दिवसभर उभी असतेस. म्हणून तेवढे काढले."

आणि तो त्यांच्यासमोर सरळ पालथा पडला. निळ्या नव्या सदऱ्यानिशी, गोदामाच्या जमिनीवर. योरुबा पुरुष वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. आपला साष्टांगच. डच पाहुण्यांना वाटलं माणूस चक्कर येऊन पडला. एक जण पाणी आणायला धावला.

बिसीताईंनी त्याला बराच वेळ तसंच ठेवलं. नंतर वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत काही बोलत राहिल्या. प्रत्येक वाक्याला निळ्या कपड्यातली सगळी माणसं "अशे" (तथास्तु) म्हणत होती. मीही म्हणालो. शेवटी त्यांनी त्याला उठवून त्याचा सदरा झटकला. "थंडीचा कोट माझ्याकडे ठेवून जा," त्या म्हणाल्या. "तिकडे उकडतं. आणि जेवल्याशिवाय चित्र काढायचं नाही."

मग मी पिशवी उघडली. टुंडेच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, हातात टॉवेल आणि नारळ दिला. त्याने विचारलं, "हे घातलं की मी कुणाच्या बाजूचा?" मी म्हटलं, "सेलूच्या."

संध्याकाळी गाडी सुरळीत होती. टुंडे माझ्याबरोबरच परतत होता, बाहेर अजून लख्ख उजेड होता. ऑफिसातल्या आमच्या टेबलावरून तो लवकरच उठणार, याचं मला वाईट वाटत होतं आणि तसं मी त्याला सांगितलंही. मग वडिलांना फोन लावला. मित्र चित्रं काढायला नोकरी सोडतोय म्हटल्यावर ते म्हणाले, "वेडा आहे का?" मी बिसीताईंच्या चित्राचा फोटो पाठवला. आमच्या घरात भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर सोडून चित्र कधी लागलेलं नाही. ते काय म्हणतील याचा मला अंदाज नव्हता.

टिलबर्ग मागे पडलं तेव्हा त्यांचाच फोन आला.

"अरे, बाई फार दमलीय रे ती," ते म्हणाले. "तिला कुणी चहा विचारला का?"

मी ते वाक्य टुंडेला इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही. खिडकीकडे तोंड करून बसला, आणि आइंडहोवन येईपर्यंत पांढरी टोपी त्याने डोक्यावरून काढली नाही.