एसीसमोरची जागा

मी हे लिहितो आहे याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणं आमच्याकडे अर्ज आणि पत्रं यांच्यापुढे कधी गेलं नाही. त्यातून ज्याच्याविषयी लिहायचं तो एक साप. पण त्याच्याबद्दल मी एकदा फार ठामपणे बोललो होतो, आणि बोलायला नको होतं. म्हणून लिहितो.

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपल्यावर सुट्टीत मी व्हिजिट व्हिसावर बाबांकडे बहारीनला गेलो. बाबा तिथल्या मआमीर गावात कंपनीच्या खोलीत राहत, सोबतीला रत्नागिरीचे एक वेल्डरकाका. बाबांनी वर्कशॉपभर सांगून ठेवलं होतं की पोरगा प्राण्यांचं शिकतो. मी चार-दोन बेडूक चिरले होते आणि कपाटाच्या काचेआड सापाचा सांगाडा पाहिला होता, एवढंच. पण ते बाबांच्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेब इंग्रज, एकटेच राहणारे. त्यांनी अजगर पाळला होता, आफ्रिकेतल्या लहान जातीचा, मनगटाएवढा जाड. महिन्याच्या रजेवर निघायच्या आदल्या दिवशी ते काचेची पेटी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. सोबत गोठवलेल्या उंदरांचं पुडकं आणि एक कागद. बाबांच्या व्हिसाच्या रिन्यूअलवर सही याच साहेबांची लागायची. बाबांनी पेटी दोन्ही हातांनी घेतली.

कागदावर इंग्रजीत चार ओळी होत्या. पाणी रोज बदला. दर दहा दिवसांनी एक उंदीर द्या, कोमट करून. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका. पेटीखालचं गरम पॅड कायम चालू ठेवा.

शेवटची ओळ मी वाचून दाखवली तसे वेल्डरकाका हसले. "बाहेर लोखंडाला हात लावला तर कातडी सोलून निघते, आणि याला शेगडी? अहो प्रोफेसर, साहेबाने गोधडी पण दिलीय काय बघा!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. तेवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "ते त्यांच्या थंड देशाच्या हिशोबाने लिहिलंय. इथे गरज नाही."

बाबांनी पॅडची पिन काढली. मग पेटी उचलून एसीच्या बरोबर समोर ठेवली. खोलीतली चांगली जागा तीच. पाहुणा आला की त्याला तिथे झोपवत. मी आल्यापासून ती माझी होती. "साहेबाचं लेकरू हाय," बाबा म्हणाले. "त्याले उकडाले नको."

त्याच दुपारी त्याने उंदीर गिळला. अंगाच्या मधोमध फुगवटा आला. तो हळूहळू मागे सरकेल, जिरेल, असं मी दोघांना समजावून सांगितलं. फुगवटा सरकला नाही. तीन दिवस तो तिथेच होता. मी काचेवर बोट ठेवून बघायचो. काच थंडगार लागायची.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता. बाबा मला शर्ट घ्यायला जिदहफ्सच्या बाजारात घेऊन गेले. परतलो तेव्हा दारातच वास आला. उंदीर पेटीत पडला होता, केस झडलेला, बाकी जवळजवळ जसाच्या तसा. साप कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे.

"खलास," वेल्डरकाका नाकाला टॉवेल लावून म्हणाले. या वेळी हसले नाहीत.

बाबांनी पेटी धुतली. "आता त्याले काई देऊ नको," ते म्हणाले. "तू लहानपणी ओकला का तुही माय दोन दिवस निसतं पाणी द्याची. पोटाले आराम पाह्यजे."

"बाबा, हे माणसाचं पोट नाही. खाल्लेलं सगळं बाहेर गेलं. अशक्त होईल तो. दुसरा आजच द्यायला हवा."

"पुस्तकात तसं हाय?"

"हो."

तसं मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. बाबा उठले. फ्रीज उघडला.

दुसरा उंदीर तिसऱ्या दिवशी बाहेर आला, या वेळी नुसता लगदा. त्यानंतर साप विचित्र वागू लागला. मान सरळ वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून तासन् तास छताकडे बघत राहायचा. तोंडाशी लाळेची तार. पाठीचा कणा कातडीतून दिसायला लागला. एका दुपारी कुणी नसताना मी पॅडची पिन पुन्हा लावली. संध्याकाळी बाबांनी ती पाहिली. पेटी त्यांनी एसीपासून लांब, दाराजवळ सरकवली.

साहेब यायला दहा दिवस होते, तेव्हा माझा व्हिसा संपला. विमानतळावर बाबांनी विचारलं, "वाचंल ना रे तो?"

"वाचेल," मी म्हणालो.

कॉलेज उघडल्यावर लायब्ररीत सापांवरचं पुस्तक शोधायला मला अर्धा तास लागला. गारव्यात सापाला अन्न पचत नाही, ते पोटातच सडतं. एकदा ओकल्यावर दोन आठवडे तरी पोट रिकामं ठेवावं. लगेच पुन्हा खायला घातलं तर जीव जाऊ शकतो. मी उभ्यानेच वाचलं. त्याच दिवशी बाबांना पत्र लिहिलं, की चूक माझी होती, साहेबांना तसंच सांगा.

उत्तर येईना. वसतिगृहाच्या दारात टपालाची पेटी होती. तिच्याजवळून जाताना मी आधी लांबूनच बघायचो. पाचव्या आठवड्यात पत्र आलं. बाबांचं अक्षर, एकच पान.

"साप साहेब यायच्या आदल्या दिवशी गेला. साहेबाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, पॅड मी काढलं, दुसरा उंदीर पण मीच दिला, पोरगा नको म्हणत होता. तुझं पत्र नंतर भेटलं. ते फाडून टाकलं, तू कोणाला सांगू नको. साहेब मला काही बोलला नाही. व्हिसावर सही झाली नाही. या महिन्याच्या शेवटी मी कायमचा येत आहे. स्टेशनवर घ्यायला येऊ नको, कॉलेज बुडेल."