तिसरी बाई त्यातली नव्हती

इतकी वर्षं झाली, पण ती केस मनातून उतरलेली नाही. आम्ही निवृत्त अधिकारी संध्याकाळी वाशीच्या एका बागेत जमतो. ब्लडप्रेशर आणि पेन्शन हे विषय संपले की कुणीतरी हमखास विचारतं, खाडीकाठच्या त्या बायका मारल्या कुणी? एक म्हणतो ट्रकवाल्याने, दुसरा मिठागराच्या मुकादमाचं नाव घेतो. वाद चहा गार होईपर्यंत चालतो. मी त्यात पडत नाही. कुणी मारल्या ते मला ठाऊक नाही. कुणी मारल्या नाहीत ते मात्र ठाऊक आहे, आणि ते मी सिद्ध करून दाखवलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. तळवलीच्या पलीकडे खाडीच्या बाजूला तेव्हा नुसती झुडपं आणि पडीक मिठागरं होती. तिथे काही महिन्यांत एकामागून एक चार बायकांची प्रेतं सापडली. चौघींचाही गळा आवळलेला. पहिल्या दोघी कारखान्यात कंत्राटी कामाला जाणाऱ्या, चौथी भाजी विकणारी. तिसरी कोपरखैरण्यात राहणारी, एका टेम्पोवाल्याची बायको. कारखान्यांतल्या बायकांनी दुसऱ्या पाळीला जाणं सोडलं. ठाण्यावर मोर्चा आला. वरिष्ठांचे फोन तर दिवसभर चालूच.

मग खबर आली. एका पानटपरीवाल्याने सांगितलं की एक भंगारवाला त्या झुडपांत सारखा फिरतो. त्याला उचलला. त्याच्या सामानात पहिल्या बाईची पर्स निघाली. चौकशी दुसऱ्या पथकाकडे होती. ती कशी झाली ते वाचकांना सांगायला नको. चौथ्या दिवशी त्याने चारही खून कबूल केले. त्याची बायको रोज येऊन गेटजवळ बसायची.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे आम्हालाही कळतं. पण पर्स हाताशी होती, आणि लोक इतके चिडले होते की साक्षीदार उभे करायला वेळ लागला नसता. चार खून म्हणजे फाशीच. ठाण्यात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

माझं गाडं मात्र तिसऱ्या बाईपाशी अडलं होतं. तिचा पंचनामा मीच केला होता. बाकी तिघींची तोंडं चिखलाने आणि ओरखड्यांनी भरलेली. हिचं तोंड कुणीतरी ओल्या फडक्याने पुसलेलं. केसांचा भांग नीट पाडलेला. कपाळावर कुंकू कोरून लावलेलं, कुठेही फिसकटलेलं नाही. जिचा गळा आवळला जातो ती जिवाच्या आकांताने धडपडते. तिचं कुंकू जागच्या जागी कसं राहील? आणि कमरेला ओच्यात मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो.

"साहेब, ही तिसरी यांच्यातली वाटत नाही."

"आता काय नवीन काढलंत?" ते वैतागले. "तांदळाचं म्हणताय ना? हळदीकुंकवाला गेली असेल कुठे."

"नवरा सांगतो, बाजारात गेली ती परत आली नाही. ओटीचे तांदूळ कमरेला खोचून कोण बाजारात जातं?"

आमचे जुने हवालदार तिथेच उभे होते. खाडीकाठच्याच गावचे, मनाने चांगले, पण कटकट नको असलेले. ते हळूच म्हणाले, "साहेब, मानूस गावलाय, त्यानं कबूल केलंय. आता कशाला डोक्याला ताप?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "दोन दिवस देतो. नाहीतर चारही त्याच्या नावावर जातील."

मी घाटावरचा. माझी काकू गेली तेव्हा काका हयात होते. घरातल्या बायकांनी तिचं तोंड पुसलं, कुंकू लावलं, ओटी भरली आणि मगच तिला उचलू दिलं. सवाष्ण बाईला आमच्याकडे तसंच पाठवतात. वाटेवर गाठून मारणारा परका माणूस हे कशाला करील? हे घरातल्या बाईचं काम होतं. आणि तिसऱ्या बाईच्या घरात दुसरी बाई एकच होती, तिची सासू.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, नवरा टेम्पो घेऊन तळोज्याला गेलेला असताना, महिला पोलिसाला घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. अंगावर साधे कपडे होते. म्हातारी तांदूळ निवडत होती. मी गाव विचारलं, ती आमच्याच तालुक्याची निघाली. पाहुण्यारावळ्यांच्या गप्पा झाल्या. तिने चहा टाकला. मी कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणालो, "मावशी, सुनेची ओटी भरलीत ते बरं केलंत."

ती पटकन बोलून गेली, "मग काय तशीच धाडू व्हय? सवाष्ण हुती ती."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने पदर तोंडाला लावला आणि जी रडायला लागली, ती थांबेना.

हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा-बायकोचं भांडण झालं, रागाच्या भरात त्याने गळा आवळला. मग आईला म्हणाला, पेपरात येतंय बघ, तिकडंच नेऊन टाकतो, त्यांच्यात खपून जाईल. म्हातारी त्याच्या पाया पडली, तो ऐकेना. शेवटी एवढंच म्हणाली, जरा थांब, तिचं करू दे.

संध्याकाळी त्याला टेम्पोसकट ताब्यात घेतला. आईने सांगितलंय कळल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत. टेम्पोच्या फळ्यांत तिच्या फुटलेल्या बांगडीचे तुकडे निघाले.

मग मी भंगारवाल्याची कबुली साहेबांसमोर ठेवली. तिसरा खून त्याने अगदी तपशीलवार सांगितला होता, कुठे गाठली, कशी ओढत नेली. जे त्याने केलंच नव्हतं ते जर इतकं रंगवून सांगितलं, तर बाकीच्या तिघींचं काय खरं मानायचं? पर्स झुडपात पडलेली होती, ती भंगारात उचलली, हे तर तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. साहेबांनी तो जबाब पुन्हा वाचून काढला. मग म्हणाले, "कोर्टात अहवाल पाठवा. सोडून द्या त्याला."

हे लिहिण्याइतकं सोपं नव्हतं. पेपरवाल्यांनी आमची सालं काढली, साहेबांची बदली झाली. पण त्यांनी माझ्यावर कधी बोट दाखवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. भंगारवाला सुटला त्या दिवशी त्याची बायको गेटवरून उठली आणि त्याच्या दंडाला धरून निघून गेली. दोघांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्याकडे बघून हसावं असं आम्ही त्यांना काय दिलं होतं?

या केसने मला एक शिकवलं. मेलेल्यांची संख्या वाढत गेली की पोलीससुद्धा त्यांना एका दोरीत बांधून मोकळे होतात. प्रत्येक प्रेत वेगळं बघावं लागतं, त्याच्यावर कुणाचा हात फिरलाय ते बघावं लागतं. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी हेच सांगितलं.

बागेतला एक मित्र अजून मला चिडवतो, "तुझ्या करिअरमधली सगळ्यात मोठी केस, आणि तीन खून अनडिटेक्टेड." मी त्याला सांगतो, हो, आणि मला त्याचा अभिमान आहे. त्या तिघींना मारणारा आज कुठे जिवंत असेल, तर त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असणार. त्याच्या जागी आम्ही दुसऱ्या कुणाला फासावर दिलेलं नाही, तेव्हा त्याची जागा अजून रिकामी आहे.