केबिन थंड झाली होती

"डोळे मिटा. मी पायाला टोचलं की 'हो' म्हणा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी डोळे मिटले आणि टोचायची वाट बघत बसलो. सरकारी दवाखान्याची ओपीडी, दाराबाहेर ही गर्दी, आणि या बाईंना काही घाईच दिसेना. शेवटी मीच म्हणालो, "मॅडम, करा की सुरू."

"झालं टोचून. दोन्ही पायांना. उघडा डोळे."

उघडले तर त्यांच्या हातात नायलॉनच्या धाग्यासारखी एक काडी होती, आणि ती माझ्या डाव्या अंगठ्यावर टेकून पार वाकली होती. मला काहीही कळत नव्हतं. 'डायबेटिक न्यूरोपॅथी', त्या म्हणाल्या. म्हणजे रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात. मग पाय दिसतो, चालतो, पण त्याला काही लागलेलं कळत नाही. मला साखर आहे हेसुद्धा मला त्याच दिवशी कळलं.

मी गेलो होतो करंगळीच्या जखमेसाठी. खरं तर गेलो नव्हतो, माझ्या बायकोनं, सुनीतानं, ओढत नेलं होतं. चादरीला डाग पडत होते आणि पायाला वास येत होता. मी म्हणत होतो, चप्पल चावली असेल.

मॅडमनी जखम उलटसुलट पाहिली. "हे चप्पल लागून झालेलं नाही. भाजलंय. आणि एकदा नाही, पुन्हापुन्हा. ट्रक चालवता ना? त्यात पाय कशाला लागतो?"

"कशाला नाही मॅडम. आधी लई तापायचं. आता माझी केबिन एकदम थंड हाय."

हे मी छाती पुढे काढून सांगितलं होतं. आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ज्यांनी जुना ट्रक आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन केबिनमध्येच असतं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, वर पत्र्याचं झाकण. क्लचवरून डावा पाय काढला की तो नेमका त्या झाकणाला टेकतो. आणि आम्ही गाडी अनवाणी चालवतो. चप्पल काढून, स्टेअरिंगला हात लावून, नमस्कार करून वर चढायचं. क्लच कुठं धरतो ते तळव्याला कळलं पाहिजे, असं आम्हाला आमच्या उस्तादांनी शिकवलं. बूट घालून चालवणाऱ्याला आम्ही शिकाऊ म्हणून हसायचो.

वाळूजहून माल भरून सुरतेला, कधी चेन्नईला. उन्हाळ्यात झाकण तव्यासारखं तापायचं. गोणपाट घातलं तर ते सरकून क्लचखाली अडकायचं. शेठला मी किती वेळा म्हणालो, झाकणाला आतून जाड अस्तर लावून द्या. शेठ म्हणायचे, पुढच्या खेपेला. ती पुढची खेप काही येत नव्हती.

मग एका दिवाळीत गाडी गॅरेजला गेली आणि परत आल्यावर शेठ म्हणाले, "करून घेतलं बरं का तुझं काम."

आणि खरंच, भाजायचं थांबलं. चाळीसगावला पोचलो, धुळं गेलं, तरी चटका नाही. मला इतका आनंद झाला की परत आल्यावर पेढे घेऊन शेठच्या घरी गेलो, त्यांच्या पाया पडलो. त्यांनीही पेढे घेतले. गालातल्या गालात हसलेसुद्धा. नाक्यावर सगळ्यांना सांगत सुटलो, मालक असावा तर असा.

त्याच्या आधी वर्षभर पायाला मुंग्या यायच्या. क्लच कडक आहे म्हणून येतात, असं मी ठरवून टाकलं होतं. त्याही थांबल्या, तेव्हा वाटलं, बरं झालं. तहान सारखी लागायची, पण पाणी प्यालं की गाडी थांबवावी लागते. मालावर वेळ लिहिलेली असते, माणसावर नाही. म्हणून घोटभर पाणी आणि ढाब्यावरचा गोड चहा, यावर मी हजारो कोस काढले. कुणाची साखर वाढणार नाही?

एक्स-रे काढला. मॅडम म्हणाल्या, 'ऑस्टिओमायलायटिस'. पू हाडापर्यंत गेला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागणार होतं.

मी विचारलं, "क्लच दाबता येईल ना?"

"आधी पाय राहतो का ते बघू," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण उत्तर तेच राहिलं. गाडी चालवण्याशिवाय मला दुसरा धंदा येत नव्हता. सुनीता दवाखान्याच्या जिन्याखाली डबा उघडून बसली होती. ऐकल्यावर तिनं तो तसाच झाकून ठेवला.

बोटं गेली. रोज ड्रेसिंग, रोज इन्सुलिन. शेजारच्या खाटेवरचा माणूस ड्रेसिंगच्या वेळी किंचाळायचा आणि मी शांत पडून असायचो. वॉर्डातले लोक म्हणायचे, काय धीराचा माणूस आहे. धीर कसला? मला त्याचा हेवा वाटायचा.

शेठ आले नाहीत. फोन आला. "अरे, साखर सांभाळायची न्हाई का? गाडी किती दिवस उभी ठिवू मी?" गाडीवर त्यांनी कैलासला घातलंही होतं. कैलास माझ्याच गावचा, पिशोरचा.

पहिली खेप करून तो मला भेटायला आला. पायात बूट होते.

"जयभीम भाऊ," म्हणाला आणि स्टुलावर बसला. माझ्या पट्टीकडं बघितलं. मग म्हणाला, "भाऊ, ही गाडी तुम्ही चालवलीच कशी? डावा पाय ठिवूच देत नाय. बूट घातला तर बुटाचं रबर मऊ पडलं."

"अस्तर लावलंय की शेठनं," मी म्हणालो.

"कशाचं अस्तर? झाकण उघडून पायलं म्या. नुसता पत्रा हाय. शेठला म्हणलं, तर म्हणतो, आधीच्या ड्रायव्हरची तर कधी तक्रार नव्हती. उलट पेढे घिऊन आलता म्हणं."

मला आधी काही समजलंच नाही. मग सगळं एकदम समजलं. केबिन थंड झालीच नव्हती. झाकण तेवढंच तापत होतं, माझा पाय त्याला टेकलेला होता, भाजत होता, आणि मी गाणी म्हणत घाट चढत होतो. शेठ खोटं बोलले आणि माझ्या पायानं त्यांची साक्ष दिली. मी वॉर्डात सगळ्यांसमोर रडलो. बोटांसाठी नाही, त्या पेढ्यांसाठी.

पाय राहिला. त्यासाठी त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही, आणि सुनीताचे तर नाहीच. ती रोज संध्याकाळी माझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांत बघते. पण गाडी सुटली. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "उजवा पायही बधिर आहे. तो ब्रेकवर आहे की नाही, हे तुम्हाला खाली बघूनच कळेल. मग रस्त्याकडे कोण बघणार?"

आता मुकुंदवाडीत एका गोदामाच्या फाटकावर बसतो, बूट घालून. आत येणाऱ्या ड्रायव्हरांना विचारतो, पायाला मुंग्या येतात का, तहान फार लागते का, साखर तपासली का. काही हसतात. मीही हसलो असतो.

परवा कैलासचा फोन आला होता. गाडी तीच, झाकण तेच, शेठचं 'पुढच्या खेपेला' हेही तेच.

"लई भाजतंय भाऊ," तो म्हणाला.

"भाजतंय तवर शेठशी भांड," मी म्हणालो. "अन् ज्या दिवशी भाजायचं थांबंल ना कैलास, त्या दिवशी पेढे घिऊ नको. सरळ दवाखान्यात जा."