सेल रिकामा होईपर्यंत

माझं कानाचं यंत्र जुन्या पद्धतीचं आहे. डबी कोपरीच्या खिशात, तिथून वायर कानात, आणि डबीत एक पेन्सिल सेल. सेल साधा नाही, चार्जिंगचा. निकेल-कॅडमियम. अवसरी बुद्रुकच्या आमच्या मळ्यात हे नाव न अडखळता घेणारी एकच बाई होती, माझी बायको. ती जाऊन आता दुसरा हिवाळा आला.

साधे सेल दोन दिवसांत मान टाकायचे, त्याचा तिला भारी राग. एकदा टोमॅटो घेऊन नारायणगावला गेली आणि येताना चार्जिंगचे दोन सेल आणि चार्जर घेऊन आली. दुकानदाराला पार पिळून काढलं असणार, कारण घरात पाय ठेवल्या ठेवल्या मला शिकवायला लागली. "थंडीत बी चालतोय. पडला तरी काय व्हत न्हाई. पाचशेदा भरा. पर एक हाय, पुरता रिकामा झाल्याबिगर चार्जिंगला लावायचा न्हाई. अर्ध्यातच भरत गेलं की त्याला सवय लागती, मग तेवढ्यावरच बंद पडतोय."

हे तिनं असं मनावर घेतलं की विचारू नका. संध्याकाळी म्हशीची धार काढून झाली की ओट्यावर माझ्यासमोर बसायची आणि सेल संपेपर्यंत बोलायची. कुणाची सून माहेरी गेली, लोणीच्या बहिणीनं फोनवर काय टोमणा मारला, आणि फिरून फिरून माझ्या हट्टीपणावर. मी म्हणायचो, "अगं बास की, डोकं उठवलं."

"तुमच्यासाठी न्हाई बोलत, सेलसाठी बोलती," म्हणायची, आणि पुढं चालू.

या सेलची एक खोड आहे, जाताना सांगत नाही. साध्या सेलवर आवाज हळूहळू बारीक होत जातो. हा शेवटपर्यंत खणखणीत, आणि मग एकदम गप्प. तिचे ओठ हलत राहायचे आणि मला काही नाही. मग मी हात वर करायचो. ती हसायची, माझ्या खिशातून डबी काढायची आणि सेल चार्जरला लावायची. रोजचं होतं हे.

दोनातला एक सेल पुढं फुटला, पांढरं काहीतरी बाहेर आलं. मी तो उकिरड्यावर फेकायला निघालो तर माझा हातच धरला. "इख हाय त्यात, मातीत उतरंल. दुकानदाराला परत द्यायचाय." गोळ्यांच्या डब्यात घालून तिनं तो फळीवर ठेवला. अजून तिथंच आहे. माझ्यानं तो हलववत नाही.

ती गेल्यावर माझा सेल रिकामा होईना. ऐकायचं काय दिवसभर? म्हैस, मोटर आणि कावळे. मग मी यंत्र बंद करून ठेवायला लागलो, रविवारसाठी. मुलगी चाकणला असते, ती रविवारी फोन करते. पण हा सेल नुसता ठेवला तरी आतल्या आत संपत जातो. रविवार हुकू नये म्हणून मग लाईट आली की लाव चार्जिंगला, असं सुरू झालं. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, त्यामुळं आली की सगळी वस्तीच धावते. मोबाईल, बॅटरी, फवारणीचा पंप, जे हाताला लागेल ते लावायचं. त्यातच माझा अर्धा भरलेला सेलही. तिनं सांगितलं होतं तस्संच झालं. त्याला सवय लागली.

फोन मोठ्या आवाजावर करून मी खिशातल्या डबीला लावायचो. "आबा, जेवला का?" एवढं ऐकू यायचं, अजून दोनचार वाक्यं यायची, की गप्प. मग मी अंदाजानं म्हणायचो, "हां, हां." बहिऱ्याला हे बरं पडतं. हां म्हटलं की समोरचा खूश.

गेल्या महिन्यात एका रविवारी फोन आला नाही, मुलगीच आली. भाड्याची गाडी दारात उभी करून सरळ आत गेली आणि माझे कपडे पिशवीत भरायला लागली.

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"काय म्हणजे? तुमीच हां म्हणालात ना! दर रविवारी विचारतेय, कायमचं चाकणला येता का, आणि तुमी दर रविवारी हां म्हणताय. म्हशीचं पण ठरवलंय मी. शेजारचे काका नेतायत."

"माझी म्हैस? कुणाला इचारून?"

ती काहीतरी बोलायला लागली आणि सेल गेला. तिचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सवयीनं हां तोंडात आलं होतं. कसंबसं गिळलं.

"पोरी, सेल गेला. आत्ताचं काय बी ऐकू आलं न्हाई. मागच्या रविवारचं बी न्हाई."

तिनं पिशवी खाली ठेवली. मग तिनं माझ्या खिशातून डबी काढली. आत उरलंसुरलं संपावं म्हणून सेल आईच्या छोट्या बॅटरीत घातला आणि बॅटरी पार विझेपर्यंत पेटती ठेवली. मग चार्जरला लावला. आईचीच लेक. हाताच्या खुणेनं विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, "सकाळ व्हईल." फार सावकाश भरतो तो. तिनं गाडी परत पाठवली, भाकऱ्या थापल्या आणि ओट्यावर माझ्यासमोर बसली, आईच्या जागेवर. बोलता येत नव्हतं. पण मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी तिनं सेल घातला. "आबा, ऐकू येतंय?"

"येतंय."

"चाकणला येता का? कायमचं?"

या वेळी शब्द न् शब्द ऐकला. "न्हाई."

"का पण?"

"तिथं तुमी समदी बोलणार, अन् मी हां हां करत बसणार. ते नगं मला."

चिडली. हट्टी म्हणाली, आईचे हाल केले म्हणाली. मग चहा ठेवला आणि बोलतच राहिली. नातवाची शाळा, जावयाची शिफ्ट, वरच्या मजल्यावरच्या बाईचं भांडण. मी म्हटलं, "अगं बास की, डोकं उठवलं."

"तुमच्यासाठी नाही, सेलसाठी बोलतेय," ती म्हणाली. मला हसू आलं आणि तिलाही. मग ती चहा गाळायला उठली.

दुपारी ती जीपनं गेली. सेल अजून चालू होता. मी यंत्र बंद केलं नाही. पुरता रिकामा व्हायलाच हवा, नाहीतर पुन्हा सवय लागेल. ओट्यावर बसलो. कालव्याच्या वळणापर्यंत जीप ऐकू आली. मग म्हैस, मग मोटर, मग कावळे. दिवस कलला तरी सेल दम धरून होता. मग एकदम गप्प झालं.

मी हात वर केला.