गर्न्सी, तालुका ब्रिटन

समजा, तुमच्यासमोर टोमॅटोच्या बियाण्याचं छोटं पाकीट आहे आणि ते परदेशी पाठवायचा अर्ज. पत्ता गर्न्सीचा. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातलं, साठेक हजार वस्तीचं बेट. 'देश' या रकान्यात तुम्ही काय लिहाल?

जालन्यातल्या बियाणे कंपनीत काम करणाऱ्या साधनाने 'ब्रिटन' लिहिलं. मु. पो. केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना, असंच ती लहानपणापासून लिहीत आली होती. गाव कुणाच्या तरी पोटात असणारच. महिनाभराने पाकीट कंपनीच्या ऑफिसात परत आलं. पत्ता आणि देश जुळत नव्हते.

"वा, साधना मॅडम! उद्या शेजारच्या जाफराबाद तालुक्याचं टपाल भोकरदनमध्ये टाकाल," तिचे वरिष्ठ राजानंद सर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "तिथला काचघरवाला शेतकरी हे बी फेब्रुवारीत पेरणार. आता चुकलं तर आपल्या वाणाची यंदाची चाचणी गेली."

ते वाण साधनानेच तीन हंगाम शेतात वाकून निवडलेलं. ती वाचत बसली. गर्न्सी ब्रिटनचा भागच नाही. आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाच्या हातून नॉर्मंडीचा मुलूख गेला, गर्न्सी आणि शेजारची बेटं तेवढी राहिली. आजही राजा इंग्लंडचाच. पण विधिमंडळ बेटाचं, कर बेटाचे, टपाल तिकिटंही बेटाची. संरक्षण आणि परदेशाशी बोलणं मात्र ब्रिटनकडे.

रविवारी गावी तिने हे आजोबांना सांगितलं. रखमाजी नव्वदीतले.

"मंग हे आमच्या निजामावानीच की! सिक्का त्याचा, तिकीट त्याचं, रेल्वे त्याची. बाहेरचं बोलणं इंग्रजाचं."

"पण आबा, तिथं लोक मतदान करतात."

"बराबर. आम्हाला तं कोणी इचारलंच न्हाई." आबांनी लगेच पुढं विचारलं, "पर बाहेर तो इंग्रज जे बोलून राह्यला, ते बेटावाल्यांना इचारून बोलतो का?"

एवढं वाचूनही हे साधनाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सोमवारी तिने रकान्यात 'गर्न्सी' लिहून पाकीट पुन्हा पाठवलं. फेब्रुवारीच्या शेवटी काचघरवाल्याकडून फोटो आला. काळ्या ट्रेमध्ये हिरवे कोंब, जवळजवळ सगळे उगवलेले. तिने आभार लिहिले. त्याखाली एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली:

"तुमच्या वतीने दुसरे बोलतात, तेव्हा आधी तुम्हाला कोणी विचारतं का?"